एकेचाळिसावी पावती

काल संध्याकाळी अकोटहून एसटीनं परत येताना हिवरखेड येईपर्यंत मी खिडकीशी बसून एकटीच हसत होते. शेजारच्या आजींनी शेवटी विचारलंच, "काय झालं वं माय, कोनाचं लगन जमलं काय?" मी पिशवीतून पावतीपुस्तक काढलं आणि त्यांना वाचून दाखवलं : पावती क्रमांक ४१, रुपये एक लाख एकावन्न हजार फक्त, सोनाळ्याच्या अभ्यासिकेसाठी. "पोराईच्या अभ्यासासाठी?" एवढंच त्यांनी विचारलं. मग कनवटीची घडी उलगडली आणि दहाची नोट माझ्या हातावर ठेवली. बेचाळिसावी पावती मी हलत्या गाडीत, गुडघ्यावर पुस्तक धरून फाडली. अक्षर वाकडंतिकडं आलंय. तिची स्थळप्रत मी जन्मभर जपणार आहे.

श्रीमंत माणसाच्या दारात लोकांच्या कामासाठी पैसे मागायला जाणं ही इतकी आनंदाची गोष्ट असू शकते, हे मला वर्षभरापूर्वी कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. मागणं म्हणजे मान खाली घालणं, हेच माझ्या मनात लहानपणापासून बसलेलं. पेरणीच्या दिवसांत उसनं मागायची वेळ आली की माझी आई पदर सारखा करत दारापर्यंत जायची आणि परत फिरायची. असं दोन-तीनदा झाल्यावर मग निघायची. तिचं ते परत फिरणं मी पाहिलंय. म्हणूनच जे मला सापडलंय ते आता कुणाला सांगू आणि कुणाला नको असं झालंय.

सोनाळा हे सातपुड्याच्या अगदी पायथ्याचं गाव, बुलडाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यातलं. पाठीशी अंबाबरव्याचं जंगल, पुढे कपाशीची काळी जमीन, आजूबाजूला संत्र्याच्या बागा. संत सोनाजी महाराजांचं गाव म्हणून पंचक्रोशीत आम्हाला ओळखतात. आमच्या पोरापोरींना तलाठी व्हायचंय, पोलीस भरती काढायचीय, एमपीएससी द्यायचीय. पोरं अकोल्याला खोली करून राहतात. पोरींना कोण पाठवणार? घर दोन खोल्यांचं, त्यात टीव्ही, आजारी आजोबा, दारात गुरं. रात्री सगळे झोपल्यावर मोबाइलच्या उजेडात वाचणाऱ्या पोरी मी पाहिल्यात. आम्ही पाच जणांनी ठरवलं, गावात अभ्यासिका काढायची. एका जुन्या वाड्याची ओसरी आणि आतली खोली मालकांनी बिनभाड्यानं दिली. बाकी सगळं उभं करायचं होतं.

आणि आम्ही तेच केलं जे सगळे करतात. 'महोदय, वरील विषयास अनुसरून' असा अर्ज. त्याला दरपत्रक जोडलं : पंखा इतक्याला, टेबल इतक्याला, कपाट इतक्याला, 'यांच्या स्मरणार्थ' असं नाव रंगवून मिळेल. बारा मोठ्या लोकांना पाठवला. एकाचंही उत्तर आलं नाही. मग एका मोठ्या घरी प्रत्यक्ष गेलो. दीड तास ओट्यावर बसलो. शेवटी आतून गडी आला आणि पाचशेची एक नोट देऊन गेला. मालकांचं तोंडही दिसलं नाही. परतीच्या वाटेवर आम्ही पाच जण एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. त्या रात्री मी ठरवलं, हे काम आपलं नाही.

त्यानंतर बाबांचा आजार निघाला आणि आम्हाला मुंबईला टाटा रुग्णालयात जावं लागलं. आमच्याकडे जो कुणी टाटाला जाऊन आलाय त्याच्याकडून दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेचं नाव ऐकलेलं होतंच. आम्हीही तिथं उतरलो. परक्या शहरात, हातात फायलींची पिशवी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला स्वच्छ फरशी, पाठ टेकायला जागा आणि वेळेवर जेवण मिळणं म्हणजे काय, ते ज्याच्यावर आलंय त्यालाच कळेल. एका संध्याकाळी एक सुखवस्तू कुटुंब स्वतःच्या हातानं जेवण वाढत होतं. नातवाचा वाढदिवस होता. आजोबा वाकून वाकून प्रत्येकाला 'अजून घ्या' म्हणत होते. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. त्या ओट्यावर आमच्या हाती आलेली पाचशेची नोटही पैसाच होती आणि ह्यांनी खर्च केला तोही पैसाच. मग हे आजोबा इतके खूश का?

त्या प्रश्नानं मला झोप लागू दिली नाही. प्रबोधनकार ठाकरे यांनी लिहिलेलं गाडगेबाबांचं चरित्र मिळवलं आणि बाबा झोपल्यावर व्हरांड्यातल्या दिव्याखाली बसून वाचायला घेतलं. गाडगेबाबा म्हणजे खराटा, स्वच्छता, दारू पिऊ नका, एवढंच मला शाळेपासून माहीत. आपल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, माझ्या पदवीच्या कागदावरही आहे. पण ह्या माणसाचं एक रूप मला कुणीच सांगितलं नव्हतं : महाराष्ट्रात लोकांच्या कामाकडे श्रीमंतांचा पैसा वळवणारा त्यांच्यासारखा माणूस क्वचितच झाला असेल!

विचार करा. २३ फेब्रुवारी १८७६ ला अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावात परिटाच्या घरी जन्मलेला डेबूजी झिंगराजी जाणोरकर. वडील दारूपायी गेलेले. मामाकडे दापुऱ्याला गुरं राखत, शेत कसत वाढलेला. शाळा नाही, अक्षरओळख नाही. १९०५ साली घर सोडलं तेव्हा अंगावर चिंध्या, हातात काठी नि गाडगं. आणि ह्याच माणसाच्या शब्दावर पूर्णेकाठी ऋणमोचनचा घाट उभा राहिला, मूर्तिजापूरला गोरक्षण झालं, पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक इथं धर्मशाळा झाल्या. ज्या काळात चोखोबांच्या लेकरांना पंढरपुरात पाठ टेकायला जागा नव्हती, त्या काळात तिथं चोखामेळा धर्मशाळा झाली. पैसा कुठून आला? गोरगरिबांनी पै-पैसा दिला हे खरंच, पण दगडी इमारती नुसत्या पै-पैशावर होत नाहीत. व्यापाऱ्यांनी दिला, शेठ-सावकारांनी दिला. ज्या माणसाला त्यांच्या बैठकीच्या गादीवर कुणी बसू दिलं नसतं, त्याला दिला!

कसा? पहिल्यांदा मला वाटलं, संत होते म्हणून. पण चरित्र पुन्हा वाचताना मी पेन्सिलनं खुणा करत गेले आणि व्हरांड्यात उठून उभीच राहिले. नुसत्या भक्तीनं हे घडलेलं नव्हतं. बाबांची एक पद्धत होती, डोळसपणे बेतलेली!

बाबा गावात येत ते सकाळी, कुणाला न सांगता, आणि गाव झाडायला लागत. दिवसभर खराटा चाले. गटारं, उकिरडे, देवळासमोरचा कचरा, सगळं. संध्याकाळी कीर्तन. म्हणजे गावातला श्रीमंत माणूस कीर्तनाला येऊन बसे तोवर त्याच्या दारासमोरचा रस्ता ह्या माणसानं झाडून ठेवलेला असे. आधी काम, मग बोलणं, आणि मागणं सगळ्यांत शेवटी. आणि आम्ही? आमच्याकडे झाडलेला एक कोपराही नव्हता, आणि आम्ही थेट दरपत्रक पाठवलं होतं.

पुढचं याहून मोठं. बाबा स्वतः पैशाला हात लावत नसत. कुठल्या शेठच्या घरी पंगतीला बसत नसत. चार घरची भाकर मागून आणत आणि बाजूला बसून गाडग्यात खात. जी धर्मशाळा बांधली तिचे विश्वस्त नेमून मोकळे होत. आपल्या आप्तांना तिथं कसला हक्क ठेवला नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर १९४९ साली त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. बांधायचं आणि देऊन टाकायचं. श्रीमंत माणसाचं आयुष्य पैशात जातं, त्यामुळे समोरच्याची नजर कुठं आहे हे त्याला लगेच ओळखता येतं. रोज त्याच्या दारात माणसं येतात आणि प्रत्येकाला काहीतरी हवं असतं. त्याच्यासमोर असा एक माणूस उभा राहिला की ज्याला स्वतःसाठी खरोखर काहीच नको, तर त्याची थैली सुटणार नाही तर काय होणार!

२० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलावर, गाडीत बाबांनी देह ठेवला. त्यांच्यामागे इतक्या इमारती उभ्या आणि नावावर काही नाही. मी पुस्तक मिटलं तेव्हा पहाट झाली होती आणि बाबा, म्हणजे माझे बाबा, चहा मागत होते.

गावी परतलो. शेगावहून येताना खिरोड्याच्या पुलावर मी ड्रायव्हरला गाडी हळू घ्यायला लावली. ही तीच पूर्णा! वर ऋणमोचनला जिच्या काठी बाबांनी घाट बांधला, तेच पाणी अकोला जिल्ह्यातून वाहत आमच्याकडे येतं. ह्या पुलावरून मी शेकडो वेळा गेले होते.

आणि शेगावसुद्धा! लहानपणापासून गजानन महाराजांच्या दर्शनाला जातोय, पण संस्थानाकडे ह्या नजरेनं कधी पाहिलंच नव्हतं. संस्थान सांभाळणाऱ्या शिवशंकरभाऊ पाटलांनी ४ ऑगस्ट २०२१ ला जाईपर्यंत जे उभं केलं, त्यात देणाऱ्याचा विश्वास कुठून येतो? तिथल्या फरशीतून येतो. पांढऱ्या कपड्यातल्या सेवेकऱ्यातून येतो, जो आपली पाळी आली की घरचं काम टाकून बिनपगारी येतो. दहा रुपये दिले तरी पावती मिळते. तिथं देणगीसाठी कुणाच्या मागे लागावं लागत नाही. मला आता त्याचं नवल वाटत नाही, पण आनंद असा होतो की सांगता येत नाही.

मग मला वेडच लागलं. ह्या विषयावरचं जे मिळेल ते वाचायचं. महर्षी कर्व्यांचं हाती लागलं. पाठ्यपुस्तकातले कर्वे म्हणजे स्त्रीशिक्षण आणि शंभरी. पण हा माणूस आयुष्यभर मागत होता, हे किती जणांना माहीत आहे? १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. हिंगण्याला आश्रम गेला तो रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी सहा एकर जागा आणि झोपडी बांधायला साडेसातशे रुपये दिले तेव्हा. गणिताचा हा प्राध्यापक हिंगण्याहून फर्ग्युसन कॉलेजात पायी जायचा नि पायी यायचा. आणि त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले! तरुणपणी विधवा झालेली कोकणातली बाई. आश्रमासाठी वर्गणी गोळा करत गावोगाव हिंडल्या, सभांत उभं राहून बोलल्या आणि १९१८ मध्ये थेट अमेरिकेला गेल्या. इंग्रजी धड येत नव्हतं. लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या, पण मागायचं सोडलं नाही. माझ्या आईचं ते दारातून परत फिरणं आठवलं आणि वाटलं, पार्वतीबाई तिला भेटायला हव्या होत्या.

कर्वे सत्तरी ओलांडल्यावर, १९२९ मध्ये, जगाच्या फेरीला निघाले. युरोप, अमेरिका, जपान करून सुमारे २७ हजार रुपये जमवले. घरी येऊन बसले नाहीत. १९३० च्या डिसेंबरात आफ्रिकेला निघाले, पंधरा महिने हिंडले आणि आणखी सुमारे ३४ हजार आणले. पण ह्या सगळ्याच्या आधीची, १९२० सालची एक गोष्ट आहे. मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १५ लाख रुपये दिले. १९२० सालचे १५ लाख! ते आईच्या नावानं दिले. त्या माउलीचं नाव नाथीबाई दामोदर ठाकरसी. आज एसएनडीटी म्हणतात ते त्यांचंच नाव. ही गोष्ट लक्षात ठेवा, मला पुन्हा तिच्याकडे यायचंय.

बेंजामिन फ्रँकलिन हा मला शाळेत पतंग उडवणारा शास्त्रज्ञ म्हणून भेटला होता. तो वर्गणी गोळा करण्यातही उस्ताद होता. आत्मचरित्रात तो सांगतो त्याचा मतलब असा : जे नक्की देतील त्यांच्याकडे आधी जा, मग जे देतील की नाही अशी शंका आहे त्यांच्याकडे जा आणि आधीच्यांची यादी दाखवा, आणि जे काहीच देणार नाहीत अशी खात्री आहे त्यांनाही वगळू नका, कारण त्यांच्यातल्या काहींबद्दल आपला अंदाज चुकलेला असू शकतो. अमेरिकेतला पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यानं जगभर २५०९ ग्रंथालयांच्या इमारतींना पैसे दिले, पण त्याची अट असे की जागा गावानं द्यायची आणि दिलेल्या रकमेच्या दहा टक्के दरवर्षी गावानंच चालवण्यासाठी खर्चायचे. हे वाचलं तेव्हा मी त्याला कडक शेठ म्हणाले. आता त्याला शहाणा म्हणते. का, तेही सांगते.

आम्ही पाच जण पुन्हा बसलो. मी बोलत सुटले होते, बाकीचे म्हणाले, "बाई, दम घे." त्या रात्रीच ठरलं : आता एकही अर्ज नाही. आधी खराटा.

वाडा चार दिवस झाडला. कोळिष्टकं काढली, भिंतींना चुना मारला, शेण-मातीनं ओसरी सारवली. दोन ट्यूबलाइट, सहा सतरंज्या, घराघरातली जुनी पुस्तकं. अकरा पोरं-पोरी घेऊन अभ्यासिका सुरू केली. टेबल नाही, खुर्ची नाही, पंखा एक. पण पहाटे पाचला दार उघडतं म्हणजे उघडतंच. दारात एक फळा लावला आणि त्यावर रोज खडूनं जमा आणि खर्च लिहायला लागलो. झाडू ७० रुपये. खडू १५. वीजबिल इतकं. येणारा-जाणारा थांबून वाचू लागला. आठवड्यानं एका पोरीची आई आली, निंदणाच्या मजुरीतले वीस रुपये घेऊन. "माह्या पोरीचं नाव फळ्यावर नको लिहू, पैसे लिही," म्हणाली. ती पहिली पावती. शिंप्यानं दिले, पानठेल्यावाल्यानं दिले, निंदणाच्या बायकांनी आपसात ठरवून दर महिन्याचे लावले. बघता बघता चाळीस पावत्या झाल्या. दरमहाचं वीजबिल, झाडलोट, वर्तमानपत्रं असा चालवण्याचा सगळा खर्च गावानं उचलला. मग धर्मादाय कार्यालयातली नोंदणी, बँकेतलं खातं, ८०-जीचा कागद, हे एकेक करून घेतलं. कंटाळवाणं काम आहे, पण ते झाल्याशिवाय मोठ्या दारात जाऊ नये. दोन हजारांवरची देणगी रोखीनं दिली तर देणाऱ्याला करात सूट मिळत नाही, ही साधी गोष्टही आम्हाला तेव्हाच कळली. आता आम्ही चेकच मागतो.

अकोटच्या एका जिनिंगवाल्या शेठजींकडे आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी वर्षानुवर्षं हमाली केलेली. आम्ही त्यांच्याकडे गेलो, पण मागितलं काहीच नाही. "काकाजी, एकदा बघायला या," एवढंच म्हणालो. ते हसले. दोन महिन्यांनी, कळवल्याशिवाय, सकाळी साडेसहाला त्यांची गाडी वाड्यासमोर उभी. मी तेव्हा ओसरी झाडत होते. ते दारातच थांबले आणि फळा वाचू लागले. किती वेळ! चष्मा काढून, पुसून, पुन्हा वाचला. आत सत्तावीस पोरं-पोरी वाचत होती; एकानंही मान वर केली नाही. काकाजी कडेच्या सतरंजीवर मांडी घालून बसले.

"माझ्याकडे रोज कुणी ना कुणी येतं, बाई," निघताना ते म्हणाले. "सगळे मोठा आकडा सांगतात. हिशेबाचा फळा दारात कुणी लावत नाही." मग थोडं थांबून, "मी दिले, आणि दोन वर्षांनी इथं कुलूप लागलं तर?"

हाच तो प्रश्न! कार्नेगीची अट मला तिथं, त्या ओसरीवर कळली. आपण समजतो श्रीमंत माणसाचा जीव पैशात अडकलाय. तसा तो अडकतही असेल. पण आजवर त्यानं जे जे दिलं त्यातलं किती बंद पडलेलं त्यानं पाहिलंय! त्याच्या वडिलांच्या नावाची पाटी असलेली पाणपोई कोरडी पडलेली, त्याच्या नावाचा पंखा कुणाच्या तरी घरी फिरत असलेला. त्याचं दुखणं ते आहे. मी त्यांना चाळीस स्थळप्रती दाखवल्या. वीस रुपये, पन्नास रुपये, वीस रुपये. "काकाजी, चालवायला गाव आहे. आम्हाला एकदाच उभं करायला मदत पाहिजे." ते पानं उलटत राहिले. शिंप्याच्या पावतीवर बोट ठेवून म्हणाले, "ह्याला मी ओळखतो."

काल त्यांनी अकोटला बोलावलं. चहा झाला. चेकबुक समोर होतं, पण ते लिहीत नव्हते. शेवटी म्हणाले, "एक विचारू? तुम्हाला वाईट वाटणार नसेल तर आईचं नाव लावता येईल का? आत, लहानशा अक्षरात चालेल." आणि मग ते आईबद्दल बोलायला लागले. तिला अक्षर येत नव्हतं. दुधाचा, धान्याचा हिशेब ती भिंतीवर कोळशाच्या रेघा मारून ठेवायची, आणि तो कधी चुकला नाही. घर नवं बांधलं तेव्हा ती भिंत पाडली, ह्याचं दुःख साठी ओलांडलेल्या त्या माणसाच्या घशात अजून अडकलेलं होतं.

वर्षभरापूर्वी मी 'यांच्या स्मरणार्थ' हे शब्द दरपत्रकात टाकले होते, विकायचा माल म्हणून. काल तेच शब्द समोर आले आणि माझे डोळे भरून आले. मी त्यांना नाथीबाईंची गोष्ट सांगितली. एका मुलानं आपल्या आईचं नाव दिलं आणि शंभर वर्षांनी आजही हजारो मुली रोज ते नाव उच्चारतात, कॉलेजच्या ओळखपत्रावर बाळगतात. काकाजींना ते माहीत नव्हतं. ते एकदम ताठ बसले. "म्हणजे पोरी माझ्या मायचं नाव घेतील?" मी म्हटलं, "रोज पहाटे पाचला."

नावाची एक मर्यादा असते, तेही मी बोलले, कारण ते पैसे घेण्याआधी बोलायला हवं होतं. कर्मवीर भाऊराव पाटलांबद्दल सांगतात की साताऱ्याच्या कॉलेजला शिवाजी महाराजांच्या ऐवजी आपलं नाव द्या, मोठी रक्कम देतो असं एक धनिक म्हणाला, तेव्हा भाऊरावांनी साफ नकार दिला. आमचीही एक अट आहे : अभ्यासिकेत कोण बसेल, हे कुठलाही देणगीदार ठरवणार नाही. कुठल्याही जातीची, कुठल्याही घरची पोर दार उघडून येईल. काकाजी म्हणाले, "बाई, माझी मायही भिंतीवर रेघ मारताना कोणाची जात लिहीत नव्हती." आणि चेक लिहिला.

त्या पैशातून मुलींसाठी शौचालय, वीस टेबलं आणि लोडशेडिंगमध्ये दिवे चालतील असा इन्व्हर्टर घेणार आहोत. काकाजींनी चेकबरोबर आणखी एक दिलं, तेल्हाऱ्याच्या त्यांच्या व्याह्यांचं नाव. "त्यांना आधी बघायला बोलवा," म्हणाले, "मागू नका." हे त्यांनी मला सांगावं!

तुमच्या गावात शाळेची भिंत पडली असेल, वाचनालयाला कपाट नसेल, दवाखान्यात बाकडं नसेल, तर आज संध्याकाळी चार जण बसा आणि उद्या सकाळी खराटा घेऊन कामाला लागा. मोठ्या दाराकडे त्यानंतर जा, पण जा. आमच्याकडून काही शिकण्यासारखं वाटलं तर सोनाळ्याला या, पहाटे पाचनंतर केव्हाही. फळा दारातच आहे, कालचा खर्चही लिहिलेला आहे. रविवारी मात्र मी नसेन. आम्ही तिघी सकाळच्या एसटीनं तेल्हाऱ्याला निघतोय.